बारा सेकंदांत संपलेली रांग

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमचे छोटे कार्यालय सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी हिशेबाची प्रणाली चालवते. घोडबंदर रस्ता, वर्तकनगर, कळवा आणि ऐरोली या भागांतील संस्था तिच्यावर आपली देखभाल बिले काढतात. काही दरमहा, तर काही तिमाहीला. त्यामुळे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार सकाळी आमच्या सर्व्हरवर सर्वांत जास्त भार असतो. सर्व्हर महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये आहे. येथे मांडलेले प्रकरण १ जुलैचे आहे. त्या दिवशी कोणतेही यंत्र बंद पडले नाही, कोणतीही प्रक्रिया थांबली नाही आणि देखरेखीच्या पडद्यावर दिवसभर एकही लाल खूण उमटली नाही. तरीही १,२०० पैकी १,१८८ बिले तयारच झाली नव्हती.

आधी रचना सांगणे आवश्यक आहे. तिमाहीच्या पहिल्या दिवशी सकाळी ८:३५ वाजता क्रॉन या ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सोयीमधून एक छोटी स्क्रिप्ट सुरू होते आणि प्रत्येक सदनिकेमागे एक जॉब, म्हणजे एक काम, गिअरमन या जॉब सर्व्हरकडे टाकून मोकळी होते. पीएचपी या भाषेत लिहिलेले सहा वर्कर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे प्रोग्रॅम, ते जॉब उचलतात, मायएसक्यूएल या डेटाबेसमधील खतावणीतून त्या सदनिकेचे आकडे घेतात, पीडीएफ तयार करतात आणि सभासदाला ईमेल धाडतात. एका बिलाला सुमारे ४ सेकंद लागतात. वर्कर जिवंत ठेवण्याचे काम सुपरवायझर या प्रोग्रॅमकडे आहे. गिअरमन मूळचे डांगा इंटरॅक्टिव्ह या कंपनीचे, म्हणजे ज्यांनी मेमकॅश्ड ही माहिती तात्पुरती साठवणारी प्रणाली बनवली त्यांचेच. 'मॅनेजर' या इंग्रजी शब्दाची अक्षरे फिरवून त्याचे नाव ठेवले गेले, कारण तोही कामे वाटतो आणि स्वतः एकही करत नाही. हा विनोद पुढे आम्हाला फार शब्दशः घ्यावा लागला.

क्रॉनने टाकलेले जॉब 'पार्श्वभूमी' प्रकारचे असतात. जॉब टाकणाऱ्याला फक्त एक पावती-क्रमांक मिळतो आणि तो निघून जातो. निकालाची वाट पाहत कोणी थांबलेले नसते. वर्करने काम फत्ते झाल्याचे कळवले काय किंवा फसल्याचे कळवले काय, गिअरमनच्या दृष्टीने दोन्ही वेळी तो जॉब संपलेला असतो आणि रांगेतून काढला जातो. फसलेला जॉब तो आपणहून पुन्हा कोणाला देत नाही. काम चालू असताना वर्करची जोडणीच तुटली, तरच तो जॉब दुसऱ्याकडे सोपवतो. हा फरक दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेला आहे आणि आम्ही तो वाचलेलाही होता, परंतु देखरेख उभारताना त्याचा अर्थ काय होतो हे आमच्यापैकी कोणीही शेवटपर्यंत विचारात घेतले नाही.

आमच्या देखरेखीत चार गोष्टी होत्या. सुपरवायझर सहाही प्रक्रिया 'चालू' दाखवतो का. गिअरमनकडे नोंदलेल्या वर्करांची संख्या सहाच्या खाली गेली का. रांगेतील जॉब ३०० च्या वर सलग दहा मिनिटे राहिले का. आणि यंत्राची मेमरी व भार मर्यादेत आहे का. दुसरी आणि तिसरी माहिती मिळवणे सोपे असते. गिअरमनच्या ४७३० या पोर्टला टेलनेट या जोडणीच्या साध्या साधनाने जोडून 'स्टेटस' असे लिहिले की प्रत्येक कामाच्या नावापुढे तीन आकडे येतात: एकूण जॉब, त्यांपैकी चालू असलेले, आणि ते काम करू शकणारे वर्कर. शेवटी एकट्या टिंबाची ओळ आली की यादी संपली. आमची स्क्रिप्ट दर मिनिटाला हेच विचारत असे.

१ जुलैला दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी घोडबंदर रस्त्यावरील एका संस्थेच्या सचिव बाईंचा फोन आला. "अहो, सकाळी बिलं येतील म्हणून मी कालच बोर्डावर लिहून ठेवलंय. लोक आता मला लिफ्टमध्ये विचारायला लागलेत." त्यांच्या संस्थेतील ९६ सदनिकांपैकी फक्त एकाला बिल मिळाले होते, आणि गंमत म्हणजे ती सदनिका त्यांचीच होती, म्हणूनच त्यांना तोवर काही बिघडल्याचे जाणवले नव्हते.

गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत बिलाचा उशीर ही केवळ गैरसोय नसते. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर सरळव्याज आकारता येते, आणि मुदत मोजायची ती कोणत्या दिवसापासून, यावर सर्वसाधारण सभेत तास-तास वाद होतात. बिलावर १ तारीख छापलेली आणि हाती ३ तारखेला पडलेली, असे झाले तर त्याचे खापर सचिवांच्या डोक्यावर फुटते.

पहिला संशय पावसावर गेला. त्या दिवशी सकाळपासून मुसळधार होती, आणि ठाण्यात जुलैमध्ये काहीही बिघडले की आपण आधी पावसाकडेच बोट दाखवतो. पण डेटा सेंटरची जोडणी क्षणभरही तुटलेली नव्हती. 'स्टेटस' विचारल्यावर बिलांच्या ओळीत उत्तर आले: ०, ०, ६. रांगेत काही नाही, चालू काही नाही, सहा वर्कर हजर. जे दिसायला हवे ते सगळे दिसत होते.

पाळीवरील सहकाऱ्याने लगेच सगळे वर्कर रीस्टार्ट करण्यासाठी हात पुढे केला. मी त्याला थांबवले, आणि त्या दिवसभरात मी केलेली हीच एक गोष्ट खात्रीने बरोबर होती असे मला वाटते. रीस्टार्ट केल्यावर सारे सुरळीत झाले असते, बिले निघाली असती आणि कारण कायमचे पुसले गेले असते. त्याऐवजी आम्ही एकाच चाचणी-सदनिकेचा जॉब एकामागून एक पाठवून पाहिला. पहिले बिल आले. दुसरे आले नाही. तिसरे आले. चौथे आणि पाचवे आले नाही. जॉब तोच, माहिती तीच आणि निकाल मात्र वेगळे. म्हणजे दोष जॉबमध्ये नसून तो उचलणाऱ्यात होता, आणि सहांपैकी सर्वांत नव्हता.

सुपरवायझर प्रत्येक प्रक्रियेची त्रुटी-नोंद वेगळ्या फायलीत ठेवतो. त्या सहा फायली उघडल्यावर चार जवळजवळ रिकाम्या निघाल्या. दोन क्रमांकाच्या आणि पाच क्रमांकाच्या वर्करच्या फायलीत मात्र एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटलेली होती: मायएसक्यूएलची २००६ क्रमांकाची चूक, म्हणजे सर्व्हरशी असलेली जोडणी आता उरलेली नाही. सकाळच्या त्या गठ्ठ्यातील अशा ओळी दोन्ही फायलींत मिळून १,१८८ होत्या, आणि पहिलीवरची वेळ ८:३५:०० तर शेवटचीवरची ८:३५:१२ होती. माहिती पहिल्या क्षणापासून आमच्याच डिस्कवर पडलेली होती. ती वाचायला कोणी नेमलेले नव्हते.

कारण असे. मायएसक्यूएल एखाद्या जोडणीवरून बराच वेळ काही विचारले गेले नाही तर ती स्वतः बंद करतो. ही मर्यादा मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असते, आणि आम्ही ती बदललेली नव्हती. आमचे वर्कर सुरू होतानाच जोडणी उघडतात आणि तीच वापरत राहतात. आदल्या रात्री ९ वाजता ते नव्याने सुरू झाले होते. पहाटे ३ वाजता स्मरणपत्रांचे चार जॉब आले. गिअरमन नवा जॉब येताच झोपलेल्या सर्व वर्करांना जागे करतो आणि जो आधी हात पुढे करेल त्याला काम देतो. त्या रात्री ते चार जॉब चौघांना मिळाले आणि दोघे रिकाम्या हाताने पुन्हा झोपले. चौघांच्या जोडण्या पहाटे ३ ला ताज्या झाल्या, उरलेल्या दोघांच्या जोडण्या पहाटे ५ वाजता डेटाबेसने तोडल्या. वर्करला याचा पत्ता नव्हता, कारण तुटलेली जोडणी वापरून पाहिल्याशिवाय ती तुटली आहे हे कळत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. सहांपैकी दोन आजारी असतील तर एक तृतीयांश बिले बुडायला हवीत. जवळजवळ सगळी कशी बुडाली? या प्रश्नाचे उत्तर मला संपूर्ण प्रकरणात सर्वांत शिकवणारे वाटले. निरोगी वर्कर एक बिल करायला ४ सेकंद घेतो. आजारी वर्कर डेटाबेसला पहिला प्रश्न विचारतो, त्याला तत्क्षणी चूक मिळते, तो 'फसले' असे कळवतो आणि पुढचा जॉब मागतो. या सगळ्याला सुमारे २० मिलिसेकंद पुरतात. म्हणजे एक आजारी वर्कर सेकंदाला ५० जॉब गिळतो, दोघे मिळून १००. चार निरोगी वर्कर सेकंदाला एक या गतीने काम करत असताना १,२०० जॉबांची रांग बारा सेकंदांत संपली, आणि तेवढ्या वेळात चौघांनी प्रत्येकी तीन, अशी एकूण बारा बिले पूर्ण केली. पंगतीत वाढपी जेवढ्या लवकर ताट रिकामे दिसेल तेवढ्या लवकर वाढत जातो. ताटातले अन्न पोटात जाते की पत्रावळीखाली, हे पाहणे त्याचे काम नसते. गिअरमनने नेमके तेच केले. जो सर्वांत लवकर मोकळा झाला, त्याला सर्वांत जास्त काम दिले.

आणि आमची देखरेख? ८:३५ च्या नोंदीत रांग शून्य होती, ८:३६ च्या नोंदीतही शून्य. मधल्या बारा सेकंदांत काय घडले ते तिला दिसणेच शक्य नव्हते. सहा वर्करांनी १,२०० बिले करायला ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांहून थोडे अधिक लागायला हवे होते. लांब रांगेला आम्ही धोका मानले होते, पण रांग मुळीच न दिसणे हाही धोका असू शकतो, असा नियम आम्ही कोठेही लिहिलेला नव्हता. दुपारी ४ पर्यंत सभासदांनी भरलेल्या रकमांच्या काही पावत्याही त्याच दोन वर्करांच्या तोंडी पडल्या. पावती न मिळाल्याची तक्रार मात्र एकानेही केली नव्हती.

आता मुळाशी जाऊ. हे वर्कर वर्षभर असेच चालत होते, तर त्याच रात्री काय वेगळे घडले? पूर्वी प्रत्येक वर्कर एक तास झाला की हातातले काम संपवून स्वतःहून बाहेर पडत असे आणि सुपरवायझर त्याला पुन्हा सुरू करत असे. पीएचपीची प्रक्रिया दीर्घकाळ चालली की तिची मेमरी फुगते, म्हणून ही सोय केली होती. जोडणी दर तासाला नवी होणे हा तिचा अनुषंगिक फायदा होता, आणि तो कोणाच्याच ध्यानात नव्हता. मात्र प्रत्येक वेळी दोनेक सेकंद गिअरमनकडे पाचच वर्कर नोंदलेले दिसत. सहा वर्कर, दिवसाचे चोवीस तास, म्हणजे १४४ वेळा प्रत्येकी दोन सेकंद. दर मिनिटाला एकदा पाहणाऱ्या देखरेखीला त्यातले चार-पाच क्षण रोज सापडत आणि आमचे फोन वाजत. त्यातला एखादा हमखास रात्री वाजे. ३० जूनच्या संध्याकाळी, उद्या बिलांचा दिवस आहे, रात्री उगाच झोपमोड नको, असे म्हणून सहकाऱ्याने तासाभराने बाहेर पडण्याची ती अट काढून टाकली. त्याने मला विचारले होते आणि मी "चालेल" म्हटले होते. अर्थात खोटा अलर्ट बंद करण्यासाठी देखरेखीचा नियम सुधारायचा सोडून आम्ही वर्करच बदलला. दुखणे अलर्टमध्ये होते आणि औषध वर्करला दिले गेले.

त्या संध्याकाळचे काम लवकर आटोपले. कोणते जॉब फसले याची नोंद गिअरमनकडे नसल्यामुळे बिलांच्या तक्त्यातील १,२०० ओळी आणि डिस्कवरील पीडीएफ यांची वजाबाकी केली, दोन व पाच क्रमांकाचे वर्कर पुन्हा सुरू केले आणि १,१८८ जॉब परत टाकले. पावत्याही त्याच रीतीने शोधून पाठवल्या. सव्वासहापर्यंत सर्व बिले गेली, त्यांवर १ जुलै हीच तारीख राहिली.

नंतरच्या आठवड्यात केलेले बदल मात्र जरा खोलवरचे आहेत. वर्करला डेटाबेसच्या जोडणीची चूक आली तर तो आता 'फसले' असे कळवत नाही. तो सरळ बाहेर पडतो. त्याची जोडणी तुटल्यामुळे गिअरमन तो जॉब दुसऱ्या वर्करला देतो आणि सुपरवायझर आजारी वर्करच्या जागी नवा उभा करतो. येथे दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागल्या. एखादा जॉबच सदोष असेल तर तो एकामागून एक सगळे वर्कर पाडू शकतो, कारण गिअरमन मुळात असे प्रयत्न अमर्याद वेळा करतो. म्हणून सर्व्हर सुरू करताना प्रयत्नांची मर्यादा तीनवर आणली. दुसरे म्हणजे तोच जॉब दोनदा चालला तर सभासदाला दोन बिले जाऊ नयेत, यासाठी ईमेल पाठवण्याआधी बिल-क्रमांकापुढे 'पाठवले' अशी खूण आहे का हे वर्कर तपासतो. चूक ओळखताना केवळ २००६ हा क्रमांक पाहणेही पुरेसे नाही, मायएसक्यूएलच्या ८.०.२४ या आवृत्तीपासून सर्व्हर निष्क्रियतेमुळे जोडणी तोडताना ४०३१ हा क्रमांक देतो, आणि आमची पुढची सुधारित आवृत्ती तीच असणार आहे.

तासाभराने बाहेर पडण्याची अट परत आणली. फक्त सहाही जण एकाच वेळी उठू नयेत म्हणून प्रत्येकाच्या तासात काही मिनिटांचा फरक ठेवला. वर्करांची संख्या सलग तीन नोंदींत कमी दिसली तरच अलर्ट जातो. सुपरवायझरची 'आपोआप पुन्हा सुरू करा' ही सूचना 'नेहमी' अशी ठेवली, कारण तिच्या मूळ मूल्यानुसार शहाण्यासारखा, चूक न दाखवता बाहेर पडलेला वर्कर पुन्हा सुरू केला जात नाही.

देखरेखीचा मुख्य आकडा आता गिअरमनकडून घेतलाच जात नाही. जॉब टाकताना बिलांच्या तक्त्यात 'मागितले' ही वेळ लिहिली जाते आणि पीडीएफ डिस्कवर उतरल्यानंतरच 'झाले' ही वेळ लिहिली जाते. मागितलेले पण न झालेले सर्वांत जुने बिल किती मिनिटांचे आहे, हा एक आकडा दर मिनिटाला काढला जातो. तो वीस मिनिटांपुढे गेला की फोन वाजतो. १ जुलैला हा आकडा असता तर ८:५६ वाजता आम्हाला कळले असते. गिअरमनच्या 'स्टेटस'मध्ये जॉबचे वय नसते, केवळ संख्या असते, त्यामुळे ही नोंद आपली आपण ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. याच्या जोडीला, फसलेल्या जॉबांचे प्रमाण आणि रांग अपेक्षेच्या निम्म्याहून कमी वेळात संपणे, असे दोन अलर्ट आहेत. दुसऱ्यावर कार्यालयात बरीच थट्टा झाली. काम लवकर झाल्याबद्दल तक्रार करणारा अलर्ट कोणी पाहिला नव्हता.

शेवटचा बदल प्रत्येक वर्करच्या वैयक्तिक तपासणीचा. सर्वसाधारण चाचणी-जॉब टाकला तर तो कोणाही एकाकडे जातो, आणि दोन आजारी असले तरी निरोगी वर्कर उत्तर देऊन वेळ मारून नेऊ शकतो. म्हणून प्रत्येक वर्कर आता बिलांच्या कामाबरोबर स्वतःच्या क्रमांकाचे एक वेगळे कामही गिअरमनकडे नोंदवतो. दर पाच मिनिटांनी त्या सहा नावांवर एकेक जॉब जातो. वर्कर डेटाबेसमधून एक ओळ वाचतो, बिलांच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल लिहितो आणि उत्तर देतो. या जॉबच्या निकालाची मात्र स्क्रिप्ट वाट पाहत थांबते.

या तपासणीवर आमच्यात मतभेद झाला, आणि माझ्या मते तो योग्य होता. दर पाच मिनिटांनी डेटाबेसला प्रश्न गेल्यामुळे जोडणी आठ तास निष्क्रिय राहणेच अशक्य झाले. म्हणजे ज्या आजारासाठी तपासणी आणली तो तिच्यामुळेच दबून राहतो, आणि उद्या कोणी ती बंद केली तर तो पुन्हा उफाळेल. थर्मामीटरच औषधाचे काम करू लागले तर ते काढताना कोणी औषध बंद केल्याची नोंद करत नाही. तासाभराच्या अटीचे नेमके असेच झाले होते. म्हणून तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये आणि वर्करच्या कोडमध्ये, दोन्हीकडे, ती ओळ का आहे आणि काढल्यास काय होईल हे चार वाक्यांत मराठीत लिहून ठेवले आहे.

१ ऑक्टोबरला बिले निघायला १४ मिनिटे लागली. त्या वेळेत तीन क्रमांकाचा वर्कर आपला तास संपवून एकदा बाहेर पडला व परत आला. फोन वाजला नाही. ईमेल पाठवणाऱ्या सेवेने संदेश स्वीकारला म्हणजे तो सभासदापर्यंत पोचला असे आम्ही अजूनही धरून चालतो, आणि तो भाग हाती घ्यायचा बाकी आहे.